मानाच्या साडीचा क्ष

जगातला कोणताही प्रश्न, त्यातल्या अज्ञाताला क्ष मानलं की सुटतो. इंद्रजीतसर हे वाक्य सिडकोतल्या आपल्या क्लासात दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. भाची तनुजाच्या साखरपुड्याच्या सकाळी त्यांनी ते बहिणीच्या घरी सांगितलं, तेव्हा पलंगावर बारा साड्या पडल्या होत्या आणि बहीण संध्या कपाळाला हात लावून बसली होती.

साड्या तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं आणल्या होत्या. पाच मानाच्या, सात आहेराच्या. दिलेल्या साडीवर किंमत दिसू नये, असा रिवाज. पुंजाराम शेंद्र्याच्या कंपनीत माल तपासायला, त्यामुळं काम चोख. घरी आल्याबरोबर त्यानं बाराही चिठ्ठ्या खोबरेल लावून, डागसुद्धा न ठेवता काढल्या होत्या.

"अहो, आता मानाची कोणती अन् आहेराची कोणती?"

"बघितल्यावर कळंल की."

"मग बघा."

पुंजारामनं बघितलं. रंग वेगळे, पण काठ बाराही साड्यांना तोच.

"विहीणबाईच्या हातात आहेराची पडली, तर पोरीला कुंकू न लावता अजिंठ्याची गाडी धरतील," संध्या म्हणाली. "पुतण्याच्या लग्नात साडीपायी जेवल्या नव्हत्या आवडाबाई."

दुकानाचा फोन कुणी उचलेना. ते अकराला उघडायचं. पाहुणे बाराला.

"दाजी, बिल?" सरांनी विचारलं.

"कच्चं हाय. एकूण पाच हजार साडेपाचशे. मानाची दीडशेनं महाग, एवढं ध्यानात हाय."

"मग झालं की! आहेराची क्ष, मानाची क्ष अधिक दीडशे. पाचांचे साडेसातशे जादा. बारा क्ष अधिक साडेसातशे बरोबर पाच हजार साडेपाचशे. बारा क्ष बरोबर अठ्ठेचाळीसशे. क्ष चारशे. मानाची साडेपाचशे!"

सरांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"लई भारी," पुंजाराम म्हणाला.

संध्यानं हिरवी साडी उचलली. "ही चारशेची का साडेपाचशेची?"

सरांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "ते गणितात विचारलेलं नाय."

मग जड ती मानाची, असं ठरवून पुंजारामनं साड्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. बाराही चारशे तीस ग्रॅम. शेवटी शेजारच्या मनकर्णाबाईंना बोलावलं. त्यांच्या घरात सहा लग्नं झालेली. त्यांनी डोळे मिटून, पदर चिमटीत धरून पाच साड्या काढल्या.

"पोत लपतो व्हय?"

सरांनी शंका नको म्हणून साड्या पिसल्या. मनकर्णाबाईंनी तितक्याच खात्रीनं दुसऱ्या पाच काढल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दुकानदारानं फोन उचलला.

"भाऊ, टेन्शन कायकू लेते? एकाच गाठीतला माल हाय. बाराही सारख्या."

"मग दीडशे कशाचे?" पुंजाराम ओरडला.

"मानाची महाग नसंल, तर गिऱ्हाईक घेत नाय ना!"

पुंजाराम भांडायला तोंड उघडत होता. संध्यानं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "भाऊ, लई उपकार झाले." मग ती पलंगावर, साड्यांच्या शेजारीच आडवी झाली आणि हसत सुटली.

दुपारी आवडाबाईंनी साडी कपाळाला लावून घेतली, तनुजाला कुंकू लावलं आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.

त्या दुकानात तीच साडी, नुसती साडी म्हणून मागितली तर, तीनशेला मिळते.