वैरागडेकाकांचे अमेरिकन

भोपाळच्या बिट्टन मार्केटमधल्या भाजीबाजारात ‘अमेरिकन लोक’ हे दोन शब्द कधी मोठ्याने उच्चारू नका. मागे वैरागडेकाका उभे असू शकतात.

काही महिन्यांपूर्वी एका सद्‌गृहस्थांनी ही चूक केली. ब्रोकोलीचा गड्डा हातात धरून ते बायकोला म्हणाले, “अमेरिकन लोग तो यही खाते हैं, इसीलिए इतने फिट रहते हैं.” शेजारी भेंडी मोडून बघणारे काका गर्रकन वळले.

“कौन से अमेरिकन? नाम बताइए.”

“मतलब... वहाँ के लोग.”

“वहाँ के कौन लोग? मेरी बेटी के बाजूवाली बुढ़िया के परदादा इटली से आए थे, वो दिनभर टमाटर उबालती है. सामनेवाले वियतनाम के हैं, पूरे आँगन में गवती चाय लगा रखी है. कोने पे जो नर्स रहती है, उसके लोग सबसे पहले से वहीं के हैं, वो हिरन खाती है. तो ब्रोकोली किसने खाई?”

गृहस्थांनी ब्रोकोली खाली ठेवली आणि बायकोला कांद्यांच्या दिशेने ओढत नेलं. भाजीवाल्याने मला हात जोडले. “मॅडम, इनको घर ले जाइए.”

त्यांना घरी नेणं माझ्याच नशिबी असतं, कारण आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक कमरेएवढीच भिंत आहे. मी लग्नानंतर पुण्याहून भोपाळला आले. काकांचे वडील राजधानी इथे हलली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून आले होते. काकांचा जन्म गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेला. काकू गेल्या, एकुलती एक मुलगी मंजू अमेरिकेत. घरात काका, एक रेडिओ आणि संताप.

संताप एम. पी. नगरातही पोचला. तिथे एका कोचिंगमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते. खालच्या मजल्यावर ‘असली अमेरिकन एक्सेंट सीखिए’ असा फलक लागला. त्यावर सोनेरी केसांचं जोडपं दात दाखवत उभं होतं. काका मला छत्री द्यायला आले आणि फलक पाहून आत शिरले. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “किसका एक्सेंट? मेरी बेटी के ससुर का, या मेक्सिकोवाले गार्सिया का, कि ट्रक चलानेवाले सरदारजी का? तीनों असली हैं.” आणि तिन्ही करून दाखवले. माझ्या मते तिन्ही नागपूरचे वाटत होते. फलक अजून आहे. काका जाता-येता त्याच्याकडे बघून नाक मुरडतात.

बरं, ते अमेरिकेचे गोडवे गातात असंही नाही. “प्रेमानं राहून राहिले असं नाही बोललो मी,” ते बजावतात. “भांडतात. कचऱ्याच्या डब्यावरून भांडतात, रंगावरून तं इतकं वाईट भांडतात का विचारू नका. पण आहेत ते सगळे तिथलेच. तुम्ही एकाचाच फोटो लावून बाकीच्यायले पुसून कसे टाकून राहिले?”

मीही एकदा सापडले. चहा घेता घेता मी सहज म्हणाले, “अमेरिकन लोक म्हातारपणी आईवडिलांना विचारत नाहीत म्हणे.” काका अर्धा कप टाकून उठले. “जावयाची आजी मरेपर्यंत त्यांच्या घरी होती. तिच्या पायाले तेल लावताना पाहिलं मी त्या पोराले. तुम्ही कोणाले लावलं?” दुसऱ्या दिवशी, मी भाजी घालून दिलेला डबा भिंतीवरून परत आला. रिकामा! मराठी घरात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी इतकी चिडले की तो डबा खसखसून दोनदा घासला.

पण त्यांच्या या चिडण्याचं मूळ मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की मी त्यांच्याहून जास्त चिडते.

गेल्या डिसेंबरात मंजू, तिचा नवरा डॅरेल आणि सात वर्षांची निया भोपाळला आले होते. डॅरेलचे वडील काळे, आई फिलिपिनो. तो उंच, सावळा, हसरा. निया त्या फिलिपिनो आजीसारख्या डोळ्यांची, मंजूसारख्या जिवणीची, आणि डोक्यावर दाट कुरळ्या केसांचं रान. त्याच आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं, “आता वैरागडेंकडच्या अमेरिकन पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!” काका पहिल्या रांगेत ताठ बसले. डॅरेल उठून उभा राहिला. काकांनी त्याला नमस्कार करायला शिकवला होता, तसे त्याने हात जोडले.

अध्यक्ष शाल उलगडत व्यासपीठावरून उतरले, डॅरेलच्या समोरून “जरा सरका हं” म्हणत पुढे गेले आणि चौथ्या रांगेतल्या एका पिंगट केसांच्या तरुणाच्या खांद्यावर त्यांनी ती शाल घातली. तो बिचारा भीमबेटकाची चित्रं बघायला पोलंडहून आलेला, कुणा डॉक्टरांबरोबर बटाटेवडा खायला आला होता. नारळ हातात घेऊन तो ओरडत होता, “पोलंड! पोलंड!” लोकांना वाटलं तो आभार मानतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला.

चूक कळल्यावर सगळे हसले. अध्यक्षही हसले. “अहो, मला वाटलं हे ड्रायव्हर आहेत!” हे वाक्य ते विनोद म्हणून माइकवर बोलले. मला आजही त्या माणसाच्या हातातून माइक हिसकावून घ्यावासा वाटतो. डॅरेल हसला, कारण त्याला सवय असावी, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. निया हसली नाही. तिने काकांचा सदरा ओढून विचारलं, “आजोबा, आम्ही अमेरिकन नाही का?”

पुढचे दिवसही धड गेले नाहीत. लोक तिच्या केसांना न विचारता हात लावायचे. मंजू तापाने झोपली तेव्हा काका नियाला वेणी घालून आणायला पार्लरमध्ये घेऊन गेले. तिथली बाई म्हणाली, “अंकल, इसका कुछ नहीं हो सकता. सीधे करा दीजिए.” त्यानंतर निया जाईपर्यंत डोक्याला रुमाल बांधून घरातच बसली. या वर्षी मंजूने यायचं ठरवलं, तेव्हा निया फोनवर साफ म्हणाली, मला नाही यायचं.

म्हणून हे वर्षभराचं भांडण. मला वाटायचं, म्हातारा राग काढतोय. एकदा मी म्हटलंसुद्धा, “काका, बाजारातल्या कुणाकुणाशी भांडणार? भोपाळ केवढं मोठं!”

“पोरीच्या वाटेत जेवढे येतात तेवढ्यायशी,” ते म्हणाले. “भाजीवाला, दूधवाला, पार्लरवाली, तुम्ही.”

हे ‘तुम्ही’ मला झोंबलं. मी तणतणत घरी आले. पण मग मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, की वैरागडेंना समजवा, किती दिवस रुसून बसणार, गंमत होती ती. मी त्यांना जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. फोन आपटला आणि काकांना ते रंगवून सांगायला भिंतीवरून हाक मारली. उत्तर नाही. म्हणून पलीकडे गेले.

काका खिडकीशी बसले होते. गजाला त्यांनी काळ्या लोकरीचा मोठा झुपका बांधला होता. समोर फोन उभा करून ठेवलेला, त्यावर मंजू दिसत होती. काका फणीच्या टोकाने लोकरीत भांग पाडत होते, तीन पेड घेत होते आणि बोटांनी बारीक, घट्ट वेणी गुंफत होते. आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळलेली बोटं ती.

“बाबा, मुळाशी ओढू नका. दुखतं तिला,” मंजू म्हणाली.

“नाही ओढत,” काका म्हणाले. “पुन्हा दाखव.”

खाली चटईवर अशा वेण्यांचा ढीग पडला होता. मी उंबऱ्यावरूनच परत आले. घरी येऊन खूप रडले, आणि रडता रडता त्या अध्यक्षाला आणखी दोन शिव्या घातल्या.

निया आली. मंजूने तिला काय सांगून आणलं ते मला माहीत नाही. पहिले दोन दिवस ती रुमाल बांधून खिडकीतूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पापड वाळत घालायला अंगणात आले, तर काका खुर्चीवर आणि निया त्यांच्या पायाशी पाटावर. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. रुमाल तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला. काकांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला होता आणि श्वास रोखून ते भांग पाडत होते. वेण्या जराशा वाकड्या होत होत्या.

दूध घेऊन घरी चाललेल्या, गल्लीतल्या शुक्लाबाई फाटकाशी थबकल्या. त्या जिथे तिथे चौकशा करणाऱ्या. मला वाटलं, आता काका उसळणार आणि सकाळ नासणार.

“अरे, ये बिटिया कहाँ से आई है?”

काकांचे दोन्ही हात वेणीत अडकलेले. त्यांनी तोंड उघडलं. पण नियाने मान न हलवता, वेणी बिघडू नये म्हणून अगदी ताठ बसून, मराठीत सांगितलं, “मी आजोबांकडे आलेय.”

शुक्लाबाई “अच्छा, अच्छा” म्हणत निघून गेल्या. काकांचे हात थांबले होते. चष्मा धुरकट झाला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“वहिनी,” ते म्हणाले, “जरा इकडे या. हा पेड धरा. सोडू नका, नाहीतं सुटून जाईल.”

मी भिंत ओलांडली आणि धरला.