हुसेनभाईंचा गळका बांध

कोळवणात हुसेनभाईंच्या दुकानी गूळ फुकट मिळायचा. त्यासाठी देवगांडुळाबद्दल काहीतरी नवं सांगावं लागे.

देवगांडूळ म्हणजे गांडुळाहून जाड आणि सापाहून गरीब असा ओल्या मातीतला जीव. दिसला की लोक साप समजून ठेचत. तो खातो काय, अंडी घालतो कुठं, कुणालाच ठाऊक नव्हतं आणि हुसेनभाई सोडून कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. "वाघाची चौकशी करायला सायेब लोक हायेत," ते म्हणत. "ह्या गरिबाला कोन इचारतंय?"

"भाई, ते म्हशीचं दूध पितं," गुळाकडं बघत कुणीतरी सांगे.

"बघितलंस का ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग गुळाचा वास घे नि जा."

एका वर्षी आषाढ सरताना त्यांच्या भातखाचराचा बांध गळू लागला. बुजवायला म्हणून दगड हलवला, तर खाली देवगांडूळ, अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळं घालून बसलेलं. हुसेनभाईंनी दगड अलगद होता तसा ठेवला आणि बांध गळू दिला.

खालचं खाचर माझं. मी शाळामास्तर, गावाला चार गोष्टी सांगणारा. आता मोकळेपणानं सांगतो, पाणी माझ्याकडं येत होतं म्हणून मी गप्प बसलो. त्यात श्रावणात पावसानं दडी मारली. त्यांचं भात पिवळं पडलं, माझं मात्र वाऱ्यावर डोलत होतं.

"भाई, बुजवा की वो बांध," गाव म्हणे.

"बाळंतिणीला उठवू व्हय?"

रोज सकाळी दगडाची कड उचलून ते डोकावत. "मास्तर, ही जेवती कवा वो? जाग्यावरनं हलंना."

भाद्रपदात त्यांनी मला हाक मारली. दगडाखाली काही नव्हतं.

"गेली समदी. पिल्लं तुमच्या पान्यात उतरली. जरा बघून पाय टाका."

मला वर बघवेना. म्हटलं, "भाई, यंदाचं माझं निम्मं भात तुमचं."

"कुनासाठी शिजवू? पोरगी नांदाय गेली, तवापासनं मूठभर लई होतंय."

त्यांनी चिखल कालवून बांध लिंपला, हात धुतले. दुकानाची वेळ टळून गेली होती. मी म्हटलं, "चला."

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले, आणि त्या रिकाम्या दगडापाशी टेकले.