दुर्गाबाईंच्या डोक्यातलं नाव

मेसेज आला तेव्हा बद्रीनाथ जुन्या जालन्यातल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकापुढं लुगडी उलगडत होता. ‘दुर्गाबाई, वाटूर. पती, सासरे, दीर यांची नावं आठवत नाहीत. विस्मरण. एकटं ठेवू नये.’ झालं! लुगडी तशीच टाकून त्यानं वाटूरची एसटी धरली.

साल दोन हजार सात. पुण्याची डॉक्टर मंडळी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास करायला जालन्यात आली होती. तपासणी फुकट, निकाल मुलाच्या मोबाइलवर. फुकट म्हटल्यावर बद्रीनाथनं मागच्या आठवड्यात आईला नेऊन बसवली होती.

"आई, सामान बांध. आता जालन्यालाच राह्यचं. शेत बटईनं देऊन टाकू."

"काहून? मला काय धाड भरली?"

"तू इसरून राह्यली. मेसेज आलाय."

"मुडदा बसिवला तुझ्या मेसेजचा! काय इसरले मी?"

"बाबाचं नाव. आज्याचं बी, थोरल्या काकाचं बी."

दुर्गाबाई लालबुंद झाल्या. "इसरले न्हाई रे, घेतलं न्हाई! नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव कोण घेतं? लग्नात उखाण्यात घेतलं, बस झालं."

"मंग तसं सांगायचं ना त्यांना!"

"गप बसले. डॉक्टर झालेल्या माणसाला एवढं कळू नये?"

नवरा गेल्यावर बाईनं आठ एकर एकटीनं कसून दाखवलं, तरी लेकाला खरा वाटतो तो मेसेज. काय म्हणावं याला? दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई स्वतःच जालन्यात त्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन बसल्या. मागं बद्रीनाथ आणि सून उषा.

"पुन्हा तपासा, बराबर तपासा. माझं शेत सुटून राह्यलंय तुमच्यापायी."

डॉक्टरीणबाई तरुण, मनानं चांगल्या. "आजी, फक्त यजमानांचं नाव सांगा. लगेच निकाल बदलते."

"न्हाई घेत."

"हळूच सांगा, कानात."

"कानात तर बिलकुल न्हाई!"

"मग लिहून?"

"लिव्हता येत न्हाई. आन् आलं असतं तरी लिव्हलं नसतं."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मेंदूतली हालचाल टिपणारी तारांची टोपी आणली. दुर्गाबाईंच्या डोक्याला चपचपीत खोबरेल. तारा धड चिकटेनात. उषानं सासूला नळाखाली बसवून डोकं धुतलं. "आता अंघोळ बी हितंच व्हय?" दुर्गाबाई साबणाच्या फेसातूनही गरजल्या. मग टोपी बसली आणि संगणकावर मेंदूच्या रेघा हलू लागल्या.

"नाव घेऊ नका आजी. नुसतं मनात आणा."

रेघा निवांत. बद्रीनाथचा चेहरा पडला. आणि एकदम सगळ्या रेघा ताडकन उसळल्या!

"आठवलं!" डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "काय लख्ख आठवलंय!"

"मंग? म्हणलं न्हव्हतं?" दुर्गाबाईंनी ओल्या केसांवर ठसक्यात पदर घेतला. डॉक्टरीणबाईंनी माफी मागितली, नवा निकाल दिला. बद्रीनाथ खाली मान घालून दुकानाकडं गेला.

एसटी स्टँडवर उषाच्या डोळ्यांत पाणी. "आत्याबाई, मामंजींच्या आठवणीनं एवढं काळीज हाललं व्हय!"

"त्यांला काय मनात आणायचं? ते तिथंच असत्यात सदा. इहिरीवरल्या मोटारीचं बटन चालूच ठिवून आले, ते आठवलं एकदम!"

"अगं बाई! मंग आता?"

"आता काय? वाटूरला लोडशेडिंगात दिवसा लाइट असती का? मोटार बंदच आसंल. आन् बद्रीला ह्यातलं काही बोललीस, तर त्या टोपीखाली तुलाच बसवीन."