कोल्हेसाहेबांचं रात्रीचं जेवण

एका जंगलात, फार पूर्वी, रोज दिवेलागणीला एक आवाज यायचा. खट. खट. खटाखट.

घाबरू नका बाळांनो, बंदूक नव्हती ती. जेवणाच्या डब्यांची झाकणं होती. त्या जंगलातून रात्रीची आगगाडी जायची. तिला झोपून जायचे डबे होते. गाडी सुटली आणि सूर्य डोंगराआड गेला, की सगळे प्रवासी आपापली झाकणं उघडायचे. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत तो आवाज पळत जायचा. येसूताईनं तो लहानपणी आईच्या कुशीत बसून ऐकला होता.

येसूताई म्हणजे एक भेकर. हरणाहून लहान, अंगानं बारीक, जिभेनं तिखट.

तर त्या गाडीत एक रीत होती. डबा उघडला की पहिला घास शेजाऱ्याला द्यायचा. सांबर वाघाला द्यायचं, वाघ सांबराला द्यायचा. वाघानं दिलेला घास सांबर हळूच खिडकीबाहेर टाकायचं, पण ते चालून जायचं. सांबर वाघाला खाईल अशी भीती कुणालाच नव्हती.

आणि एकदा घास घेतला, की संपलं. ज्याचं मीठ खाल्लं, त्याला खायचं नाही. जंगलात कायदे पुष्कळ होते. पाळला जायचा तो एवढाच. म्हणून तर खालच्या बाकावर ससा आणि वरच्या बाकावर लांडगा, दोघंही सकाळपर्यंत घोरत.

मग एक कोल्हा सिंहमहाराजांकडे गेला.

"महाराज," तो म्हणाला, "आपल्या गाडीत प्रजा मांडीवर फडकं पसरून जेवते. बरं दिसत नाही. दुसऱ्या जंगलांत ताट हातात आणून देतात."

महाराज गाडीनं कधीच जात नसत. त्यामुळे गाडीत काय सुधारणा हवी, हे त्यांना लगेच समजलं. जेवणाचा ठेका कोल्ह्याला मिळाला. सगळे त्याला कोल्हेसाहेब म्हणू लागले. डब्याडब्यात पाट्या लागल्या: 'बाहेरचे पदार्थ आणण्यास व खाण्यास मनाई आहे.'

कोल्हेसाहेबांची थाळी कशी होती म्हणता? डाळीत डाळ नव्हती. पोळी वाकवून सोडली की पुन्हा सरळ व्हायची. झोपताना प्यायला दूध मिळायचं, त्यात पेला जेमतेम ओला व्हायचा. पण मीठ मात्र भरपूर. मिठाला साहेबांनी कधी हात आखडला नाही.

का, ते कळलं का? नाही? गाडीतल्या प्रवाशांनाही कळलं नाही.

आता सगळे जण साहेबांचं मीठ खात होते, आणि एकमेकांचं कुणीच खात नव्हतं. जो कोल्हा पूर्वी वाघाची सावली पडली तरी बाकाखाली शिरायचा, तो आता वाघाच्या शेपटीवर पाय देऊन म्हणायचा, "सरका जरा, वाट सोडा." वाघ सरकायचा. जेवणाबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. मीठ खाल्लं होतं ना!

अधूनमधून सकाळी एखादा बाक रिकामा दिसे.

"उतरले असतील मधे कुठं," साहेब म्हणत. गाडी मधे कुठं थांबत नसे.

येसूताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा भाऊ जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता. इतकी वर्षं जाणं झालं नव्हतं. या दिवाळीत तिनं मनाशी ठरवलं, भाऊबीजेला त्याला ओवाळायचंच. भावाला चकल्या आवडत. तिनं भाजणी भाजली, डबा भरून चकल्या तळल्या, आणि गाडीत येऊन बसली.

समोरच्या बाकावर बिबटेराव होते. चांगले धिप्पाड, अंगावर ठिपके, चेहऱ्यावर मर्यादा. वरच्या बाकावर अस्वलबुवा पाठ करून झोपले होते.

गाडी सुटली. सूर्य डोंगराआड गेला. येसूताईनं झाकण उघडलं. खट.

एकच आवाज. पुढं कुणीच साथ दिली नाही. तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तरी तिनं डबा पुढं केला.

"घ्या भाऊ, चकली घ्या."

बिबटेराव मागं सरकले. "नको ताई. पाटी आहे."

"एका चकलीनं पाटी पडणार आहे का? घ्या हो, भाऊ."

"भाऊ म्हणू नका," बिबटेराव खाली बघत म्हणाले. "पुढं जड जातं."

"पुढं म्हणजे?"

"खरं सांगू का ताई? साहेबांच्या थाळीनं माझं काही होत नाही. दिवे मालवले की मी थोडं काहीतरी खातो."

"काय खाता?"

बिबटेराव अदबीनं खिडकीबाहेर बघू लागले.

येसूताईला आता उमगलं. गाडी धावत होती, आणि ती थांबणार थेट सकाळी. तिनं पुन्हा डबा पुढं केला. "एक तुकडा तरी खा. माझ्यासाठी."

"तुकडा खाल्ला तर मग रात्रभर उपाशी," बिबटेराव म्हणाले. "रागावू नका. तुम्ही फार चांगल्या आहात. दिसतंच आहे ते."

"अहो, काय खायचं ते एकदा ठरवा आणि दिवा मालवा," वरून अस्वलबुवा ओरडले. "झोपायचा डबा आहे हा!"

तेवढ्यात कोल्हेसाहेब थाळ्या वाटत आले. येसूताई उठून उभी राहिली.

"साहेब, हे मला खाणार आहेत."

"छे छे!" साहेब म्हणाले. "आमच्या जेवणानंतर कुणाला भूक राहतच नाही. काय बिबटेराव?"

"मीठ खाल्लंय तुमचं," बिबटेराव म्हणाले. "मी काय बोलणार?"

"ऐकलंत? समाधानी प्रवासी आहेत ते." मग साहेबांचं नाक हललं. त्यांनी डबा पाहिला. "हे काय? बाहेरचं? जप्त करावं लागेल."

बाळांनो, साहेब स्वतःची थाळी कधी खात नसत. दिवसभर डब्यांतून फिरून त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. येसूताईनं ते ओळखलं. भीती वाटत असतानाही तिचं डोकं चाललं.

"करा ना जप्त. पण आधी खाऊन तर बघा. वाईट असल्या तर फेकून द्या."

साहेबांनी चकली मोडली. कुर्रम. डोळे मिटले. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग मोजणं सोडलं. बिबटेराव आवंढे गिळत बघत राहिले. भावासाठी एखादी तरी उरेल, असं येसूताईला वाटत होतं. शेवटी साहेबांनी डबा उलटा करून चुराही तोंडात टाकला.

"मीठ बरोबर आहे ना?" येसूताईनं विचारलं.

"अगदी बेताचं!"

"मग साहेब, माझं मीठ तुमच्या पोटात गेलं. आता मला वाचवा. सकाळपर्यंत माझ्या बाकावर बसा. तुमच्यासमोर हे काही करणार नाहीत."

साहेब हसले. मिशा पुसत हसले.

"ताई, कुठल्या काळात राहता? मी जप्तीचा माल तपासला, जेवलो नाही. आणि मिठाचं काय घेऊन बसलात! ज्याचं मीठ खावं त्याला जपावं, हे सगळं आजीबाईच्या वेळचं. आता ते जुनं झालं."

बिबटेरावांचे कान उभे राहिले.

"काय झालं?"

"जुनं झालं."

"कधी?"

"कधीचंच."

बिबटेराव सावकाश बोलणारे होते. विचारही सावकाश करायचे. पण करायचे.

"साहेब, एवढी वर्षं मी तुमची डाळ पितो. तुम्ही माझ्या शेपटीवर पाय दिलात. मी म्हटलं, जाऊ दे, मीठ खाल्लंय. आणि तुम्ही म्हणता, ते कधीचंच जुनं झालं?"

साहेबांचं हसू मिशीतच अडकलं.

"म्हणजे तसं नव्हे. ताईंपुरतं जुनं झालं. तुमच्यासाठी अजून चालू आहे."

"असं कसं?" वरून अस्वलबुवा म्हणाले. झोप मोडल्यामुळे ते चिडले होते. "रीत काय बाक आहे, एकाला खालचा आणि एकाला वरचा? मोडली की सगळ्यांचीच मोडते. झोपू द्या आता."

साहेब सरकत सरकत येसूताईला येऊन चिकटले.

"ताई, तुमची चकली फार छान होती हो. मी जागतो तिच्या मिठाला. शपथ! मला एक चकली द्या ना, माझ्या हातानं यांना भरवतो, लवकर द्या!"

येसूताईनं डबा उचलला. आत पाहिलं. मग डबा साहेबांसमोर धरला. तिलाही त्या क्षणी द्यायची होती, अगदी मनापासून. पण डब्यात तेलाच्या डागाशिवाय काही नव्हतं.

अस्वलबुवांनी वरून हात लांबवला आणि दिवा मालवला.

सकाळी गाडी दुसऱ्या टोकाला लागली. ऊन पडलं होतं. फलाटाच्या कडेला येसूताईचा भाऊ मान उंच करून डबे न्याहाळत होता. बिबटेराव आधीच उतरले होते आणि काडीनं दात कोरत उभे होते. त्यांचा चेहरा भरल्या पोटाचा, प्रसन्न होता.

"सुखरूप पोचलात ना ताई?" ते प्रेमानं म्हणाले. "चांगली सोबत झाली. आता परत कधी निघणार? कुठला बाक घेणार, तेवढं सांगून ठेवा. मीही याच गाडीनं असतो."

येसूताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग रिकामा डबा काखेत घट्ट धरला आणि भावाच्या दिशेनं चालू लागली.

तात्पर्य: गाडीत जेवण चांगलं मिळत नाही, ही निव्वळ अफवा आहे. ठेकेदार जातीनं हजर असला, की प्रवासी तृप्त होऊनच उतरतो.