सहा गाड्यांचा हिरवा दिवा

गूळ मार्केट चौकातला सिग्नल आमच्या गल्लीला सहा गाड्या जमल्याशिवाय हिरवा होत नाही. डांबराखाली तार आहे, ती गाड्या मोजते. सहापेक्षा कमी असल्या तर ती मागणी नव्हे, नुसती इच्छा, असं सिग्नल बसवणाऱ्या साहेबांनी समजावलं आणि आम्हाला ते पटलंही. पायी माणूस तर तारेला दिसतच नाही, आणि हमरस्त्याची रहदारी कधी खंडत नाही.

म्हणून गल्लीत रीत पडली होती. कुणाला पलीकडे जायचं असलं की बाकीच्यांनी त्याच्यामागे गाड्या लावायच्या, तो गेला की आपण घरी वळायचं. मयताला खांदा द्यावा, तसं.

ही रीत नाना खरवंडीकरांनी बंद पाडली. नाना वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. जायचं नसताना उभं राहणं म्हणजे खोटी मागणी, तागडीखाली चुंबक चिकटवण्यासारखं, असं त्यांनी बैठकीत ठासून सांगितलं. तसा ठरावच झाला. तेव्हापासून खरंच जायचं असेल त्यानेच उभं राहायचं.

मंगळवारी सकाळी नानांना चौकापलीकडच्या दवाखान्यातून फोन आला. तिथे दाखल असलेल्या त्यांच्या पत्नीचं, शैलाकाकूंचं, काही खरं नव्हतं आणि त्या सारखं नानांचं नाव घेत होत्या. नाना स्कूटर घेऊन दिव्याखाली उभे राहिले. आडवारी कोण कुठे जाणार? ते एकटेच होते. दुसरा फोन आला तेव्हा त्यांनी माझ्या गॅलरीकडे पाहिलं.

"पद्माकर, जरा गाड्या काढता का रे सगळे?"

"काढल्या असत्या, नाना. पण आम्हाला कुठं जायचंय?"

नानांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. मला माझंच बोलणं पटलं नाही, पण ठराव तो ठराव.

दुपारी तिसरा फोन आला. नानांनी तो ऐकला, खिशात ठेवला आणि तसेच उभे राहिले. शैलाकाकू गेल्याचं थोड्या वेळाने गल्लीतही कळलं.

स्मशानभूमी चौकापलीकडेच आहे. आता आम्हाला सगळ्यांनाच जायचं होतं. एकेक गाडी नानांच्या मागे लागली. सहावी माझी. दिवा लगेच हिरवा झाला.

नाना हलले नाहीत. मागून कुणी हॉर्न दिला नाही. मी उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"चला नाना. हिरवा झालाय."

"आता मागणी खरी आहे ना रे?"

खरी आहे, म्हणालो. मग त्यांनी स्कूटरला किक मारली.