वामनरावांचा स्कॉटलंडातला किल्ला

वामनराव कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची जाडी मोजतात. वितीनं. दारात उभे राहून, चपला पायातच. मग मान हलवून म्हणतात, "दीड वीत. आपली नऊ हात होती."

आपली म्हणजे स्कॉटलंडातल्या एका पडक्या किल्ल्याची. हा माणूस इथून जवळच्या सावनेरच्या पुढं गेलेला नाही. मिशनच्या शाळेत कारकून होते, तेव्हा तिथला गोरा हेडमास्तर मायदेशी जाताना त्यांना त्या किल्ल्यावरचं एक पातळ पुस्तक देऊन गेला. लग्न केलं नाही, किल्ला केला.

"आपल्याले तीनदा जाळलं गा मिस्त्री. इंग्रजानं दोनदा, घरच्यायनं एकदा. हे ध्यानात ठेव."

काहून ध्यानात ठेवायचं, ते सांगत नाहीत. मी लकडगंजात आरागिरणीवरचा सुतार, चौथी नापास.

माझी बायको गेली. तेराव्याला सारी मंडळी मान खाली घालून बसलेली, अन् हे भिंतीला हात लावून वीत मोजत होते. मी सरळ म्हटलं, "उठा. निघा इथून." वर्षभर बोललो नाही.

दरवर्षी मिरगाच्या पावसाआधी मी अन् बायको छपराचे कवेलू, मातीची कौलं, फेरायचो. फुटके काढायचे, धड लावायचे. मी छपरावर, ती खालून एकेक कवेलू देई. ती गेली त्या साली फेरले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यातही हात लावला नाही. अर्धं घर गळत होतं. पडू दे म्हटलं, कोणाले राहायचं आहे?

एका सकाळी वर खडखड. पाहतो तर वामनराव छपरावर, धोतर खोचून.

"उतरा! हाडं मोडली तर मी नाही उचलणार!"

"नाही उतरत. आपला किल्ला तोफेनं नाही मेला गा. मालकानं छत सोडून देलं, आत पाणी गेलं, खलास. नऊ हाताच्या भिंती काय कामाच्या? तू बी तेच करून राहिला."

अन् बोलता बोलता वरची ओळ खालच्या ओळीखाली सारत होते. पाणी थेट घरात! वर दोन कवेलू फोडले. ते मात्र मला पाहवेना. चढलो, त्यांना खाली पाठवलं. दुपारपर्यंत ते एकेक कवेलू धोतराच्या सोग्यानं पुसून वर देत राहिले. किल्ल्याचं नावही काढलं नाही.

काम आटपल्यावर विचारलं, "तुमच्या खोलीचं छप्पर कोण फेरते?"

"तिचं काय गा. एकटाच तर राहतो. गळलं की खाट सरकवतो."

"उद्या सहाले येतो."

"नक्की?" म्हणाले. फाटकापर्यंत जाऊन परत आले. "सहाले ना?"

मी साडेपाचलाच गेलो. दार उघडं, स्टोव्हवर चहा उकळत होता. पाटावर दोन कप. एक जुना, कान तुटलेला. दुसरा कोरा, बुडाच्या खाचेत दुकानातल्या पेंढ्याची काडी अजून अडकलेली.

कोरा त्यांनी माझ्यापुढं सरकवला.