आरशासारख्या गाडीचा पहारा

मुलांनो, डोळे मिटा पाहू. मिटले? अरे, मग पुढचं वाचणार कसं? उघडा, उघडा! उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

एक अंगण आहे. अंगणात एक गाडी उभी आहे. गडद निळी. वयाने तुमच्या ताईपेक्षा नक्की मोठी, पण अशी चकाकते आहे की तिच्या दारात बघून मी दाढी करावी! केलीही असती, पण फेसाचा एखादा थेंब उडाला असता तर?

तर ही गाडी माझी. तिची चकाकी राखायला मी एकटा पुरेसा आहे, मला कुणाचीही मदत नको, असं मी घरात छाती पुढे काढून जाहीर केलं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे. पुढे जे झालं त्याने काही सिद्ध होत नाही!

सुरुवात केली ती माझ्या मेव्हण्याने, म्हणजे माझ्या बायकोच्या, आमच्या घरातल्या आजीच्या, धाकट्या भावाने. त्याचा मुलगा गाडी चालवायला शिकणार होता.

"भाऊजी, त्याला ठोकाठोकी करायला एखादी जुनी गाडी हवी होती," चहात बिस्किट बुडवत मेव्हणा म्हणाला. "तुमची देऊन टाका."

"ठोकाठोकी करायला?"

"म्हणजे शिकताना चार ठिकाणी आपटणारच ना! नवी कशाला वाया घालवायची?"

"द्या हो देऊन," आजी म्हणाली. "नाहीतरी तो खटारा अंगणात नुसता उभा असतो."

खटारा! मी ताडकन उठलो आणि गाडी थेट कोटिंगवाल्याच्या दुकानात नेली. तिला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं आणि नवरीसारखी मिरवत घरी आणली. आजीने कपाळाला हात लावला. मेव्हणा हसला. कोटिंग पक्कं व्हायला आठवडा लागणार होता, म्हणून शेवटी तह असा झाला, की आठवडा संपला की मेव्हणा येऊन बघणार. गाडीवर एकही डाग नसेल तर गाडी माझी. एक जरी डाग दिसला, तर किल्ली त्याची.

"तोवर माझ्या गॅरेजात ठेवा की. वर पक्कं छप्पर आहे," मेव्हणा म्हणाला.

"तुझ्या छपराखाली? त्यापेक्षा मी स्वतः छप्पर होईन!"

सुट्टीला आमची नात आली होती. दुसरीतली. प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून घरात तिला शंकाबाई म्हणतात. मी तिला गाडीजवळ नेलं आणि नीट समजावून सांगितलं.

"हा काचेसारखा पातळ थर आहे. वरून वाळलेला दिसतो, पण आत अजून घट्ट होतोय. म्हणून सुरुवातीला पाणी लागू द्यायचं नाही. साबण तर आठवडाभर नाही. उगाच हात लावायचा नाही. कव्हरही घालायचं नाही, ते घासलं जातं."

"म्हणजे खपलीसारखं," शंकाबाई म्हणाली. "खाजवायचं नाही."

मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण इतकं सोपं उदाहरण मला सुचलं नसतं!

"शाब्बास! आणि एक लक्षात ठेव. कुठलीही अडचण आली की घाबरायचं नाही. आधी तिचं कारण शोधायचं. कारण काढून टाकलं की अडचण आपोआप जाते."

तिने गंभीरपणे मान हलवली. ती मान मी तेव्हा जरा निरखून पाहायला हवी होती.

पहिल्याच सकाळी शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून नळीने झाडांना पाणी घालायला घेतलं. पाण्याची धार भिंतीवरून डोकावताच मी छत्री उघडून ढालीसारखी समोर धरली. धार छत्रीवर आपटली आणि आली तशी परत गेली. पलीकडून किंकाळी आली. गाडी कोरडी, काकू चिंब!

"मुद्दाम केलंत!" काकू ओरडल्या.

"अर्थात मुद्दाम! चुकून छत्री कोण उघडतं?"

पाण्याचं संकट संपलं आणि पहिलवान आला. पहिलवान म्हणजे एक पक्षी. मुठीएवढा, पण ऐट अशी की अंगण त्याच्या वडिलांनी बांधलंय! गाडीच्या बाजूच्या आरशावर बसून तो आत वाकून बघायचा, पिसं फुलवायचा आणि काचेवर टक टक टक चोच मारायचा. रागाच्या भरात दारावर जे टाकायचा ते तुम्हाला माहीतच आहे. ते वाळलं तर डाग कायमचा! म्हणून पाण्याचा नियम तेवढ्यापुरता मोडून मी मऊ, जेमतेम ओल्या फडक्याने हलकेच टिपत होतो. मी टिपायचो, तो टाकायचा. मी पुन्हा टिपायचो, तो पुन्हा टाकायचा. इतकी मन लावून नोकरी मी पगार घेऊनही केली नव्हती.

"भावाला फोन करू का? गॅरेज रिकामंच आहे म्हणत होता," आजीने खिडकीतून विचारलं.

"एका पाखरापुढे मी हार मानू?"

मी बुजगावणं केलं. दोन काठ्या, उशी, माझा जुना कोट आणि माझी टोपी. गाडीशेजारी खुर्चीत बसवलं आणि आत जाऊन निवांत झोपलो. उठलो तर काकू स्वयंपाकघरात आजीला सांगत होत्या, "वहिनी, तुमचे हे किती बदलले हो! मी छत्रीवरून भांडायला आले होते. अर्धा तास बोलले, पण त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बिचारे!"

आजीने माझ्याकडे पाहिलं. "ते बुजगावणंच घरात राहू दे हो," ती म्हणाली. "तुम्हीच बाहेर बसत जा."

आणि पहिलवान? तो बुजगावण्याच्या टोपीवर बसून दम खात होता.

मग मी आरशांवर माझे मोजे चढवले. दोन्ही आरसे बंद! आता कुणाशी भांडशील? पहिलवान आला, त्याने मोज्याचा वास घेतल्यासारखं केलं, मागे सरकला आणि खाली दारात वाकून बघितलं. टक टक टक!

"आजोबा," शंकाबाई म्हणाली, "तो गाडीशी भांडतच नाहीये. त्याला दारात दुसरा पक्षी दिसतोय. तो तोच आहे, पण त्याला कळत नाहीये."

"बरोबर. बाजूला हो, मला टिपू दे."

"म्हणजे कारण चकाकी आहे."

"हो, हो. ते फडकं दे."

माझं लक्ष फडक्यात होतं, मुलांनो. तुम्ही बोलत असताना मोठ्यांचं लक्ष फडक्यात असतं, तसंच.

आठवडा संपला. सकाळी मी गाडीभोवती फेरी मारली. एक ठिपका नाही! मेव्हणा यायच्या वेळेला मी विजयाचा पांढरा सदरा घालायला आत गेलो. बाहेर आलो तर गाडीने माझ्याआधीच पांढरं घातलं होतं! दारं, टप, बॉनेट, सगळीकडे कणकेची खळ. चित्रं चिकटवायला ती कशी शिजवायची, हे शंकाबाईला मीच शिकवलं होतं. ती समोरच उभी होती: हातात पातेलं, पातेल्यात रंगाचा ब्रश, नाकावर खळ.

"आजोबा, कारण काढून टाकलं!" शंकाबाई म्हणाली. "चकाकीच नाही, तर पक्षी पण नाही!"

खरंच नव्हता. पहिलवान भिंतीवर बावचळून बसला होता. त्याचा शत्रू नाहीसा झाला होता.

तेवढ्यात फाटकासमोर मेव्हण्याची कोरी करकरीत काळी गाडी थांबली. तो उतरला. त्याने पाहिलं आणि हात पुढे केला.

"भाऊजी, किल्ली!"

"का म्हणून? डाग कुठे आहे? एक तरी दाखव!"

"अहो, अख्खी गाडी माखलीय!"

"डाग एका जागी असतो. सगळीकडे असतो त्याला रंग म्हणतात!"

"ताई, तूच सांग यांना!"

"अहो, पुरे झाला हट्ट," आजी म्हणाली. "द्या ती किल्ली."

मी किल्ली मुठीत आवळली. मेव्हण्याच्या मुलाने माझी गाडी खांबावर आपटलेली मला डोळ्यांसमोर दिसत होती. आणि फाटकाकडून आवाज आला. टक टक टक!

पहिलवानाला शत्रू सापडला होता. मेव्हण्याच्या काळ्या दारात! आणि राग पूर्वीपेक्षा दुप्पट होता, कारण दारावर पांढऱ्या धारा सुरू झाल्या होत्या.

"ए! हुश्श! माझी नवी गाडी!" मेव्हणा हात हलवत नाचायला लागला. पहिलवान टपावर उडाला आणि तिथेही टाकून परत दाराशी आला. "अहो, घालवा याला कुणीतरी! राहू दे ती किल्ली तुमच्याकडे, नको मला गाडी, पण आधी याला घालवा!"

मी किल्ली खिशात टाकली.

शंकाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग काळ्या गाडीकडे, मग पातेल्यात. मला सगळं दिसत होतं. थांब म्हणायला वेळही भरपूर होता. पण मूल शिकलेलं वापरायला निघालं असताना मोठ्यांनी मध्ये तोंड घालू नये, या मताचा मी आहे.

तिने पातेलं काखेत घेतलं, ब्रश खळीत नीट बुडवला आणि फाटकाकडे चालू लागली.